गळका पाट

त्या मळ्यात पाटकऱ्याला नावानं कुणीच हाक मारत नसे. पाटकरी म्हणजे पाटकरी. थोरल्या मालकांच्या विहिरीवरून निघालेला मातीचा लांबलचक पाट सांभाळायचा, ज्या शेताची पाळी असेल तिथं दारं धरायचं, म्हणजे फावड्यानं माती ओढून एक तोंड बंद करायचं आणि दुसरं उघडायचं, आणि पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत नेऊन पोचवायचं, एवढंच त्याचं काम. एवढंच म्हणायला काय जातं? त्या उन्हात एकदा करून बघावं.

मुलूख कोरडा. जमीन मुरमाड, वारा गरम, बांधावर काटेरी झुडपं, आणि पाऊस आला तर आला, नाहीतर वर्षभर त्याची आठवण काढत बसायचं. अशा ठिकाणी ज्याच्या हातात पाण्याची वाट, त्या माणसानं खरं तर मिशीला पीळ देऊन फिरावं. हा मात्र उभा जन्म मान खाली घालून वावरला, कारण त्याचा पाट गळायचा. आणि याच गळतीपायी एका उन्हाळ्यात नोकरी आणि सख्खी बहीण, दोन्ही एकदम हातची जायची वेळ त्याच्यावर आली.

पाट उतारानं खाली जाई आणि कुंपणाच्या अलीकडे, एका म्हाताऱ्या बाभळीपाशी, वळण घेई. त्या वळणावर पाणी जिरायचं. किती माती चोपली, किती गवताचे कोंब उपटले, तरी जिरायचंच. थोरले मालक रोज सकाळी काठी टेकत मळ्याला फेरी मारत आणि बाभळीपाशी आले की थांबत. ओल्या मातीत काठी खुपसत. ती बोटभर सहज आत जाई.

"पाटकरी, निम्मं पाणी हा पाटच पितो. तुझ्याच्यानं एक पाट धड राखवत नाही?"

"राखतो मालक."

"काय राखतोस? कपाळ!"

हे रोज. पाहुणे बरोबर असले तर जरा चढ्या आवाजात. नात बरोबर असली, तर तीसुद्धा काठीचं टोक धरून, गाल फुगवून, "काय राखतोस?" म्हणायची आणि आजोबा हसायचे. पाटकरीही हसायचा. आत मात्र त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यानं सिमेंट मागितलं नव्हतं असं नाही. वळणाचा तेवढा तुकडा बांधून काढू, जन्माची कटकट जाईल, असं तो हात जोडून सांगायचा. थोरले मालक ऐकून घ्यायचे, आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "बघू." एकदा खरोखरच सिमेंटची पोती आली. पाटकऱ्यानं आनंदानं वळण खरवडून तयार ठेवलं. मालकांनी त्या सिमेंटनं गोठ्याची जमीन करून घेतली आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा बाभळीपाशी येऊन त्याला झापलं.

"चिकट आहे मेला म्हातारा," त्याची बायको म्हणायची. "गुरांचे पाय महाग आणि तुमची अब्रू स्वस्त."

तो तिला गप्प करायचा. पण खोटं बोलतेय असं त्यालाही वाटत नसे.

थोरले मालक गेले आणि मळा नातीकडे आला. काठीचं टोक धरून गाल फुगवणारी ती पोर आता शेतीचं शिकून, दोन-तीन मोठ्या बागांवर काम करून परतली होती. सगळे तिला ताई म्हणू लागले. ताईनं आल्या आल्या मळ्याचा नकाशाच पालटला. धान्याची शेतं मोडून डाळिंबाची बाग लावली. वरच्या अंगाला मोठं शेततळं खणून त्यात काळा जाड प्लास्टिकचा कागद अंथरला, म्हणजे पाणी मातीला शिवायलाच नको. विहिरीच्या जोडीला बोअर घेतली. झाडाझाडाच्या बुडाशी ठिबकच्या नळ्या आल्या. एक मॅनेजर आला, डोक्याला टोपी आणि बोलायला गोड. जुने गडी एकेक करून घरी बसले, तशी पाटकऱ्याची झोप उडाली. पाटच नाही म्हटल्यावर पाटकरी ठेवून करायचं काय, लोणचं?

पण ताईनं त्याला बोलावून घेतलं. "काका, पंपाची खोली तुम्ही सांभाळायची. वाल्व्ह उघडणं, बंद करणं, फिल्टर धुणं. दारंच धरायचं आहे, फक्त फावड्याऐवजी चावीनं."

त्याचा जीव भांड्यात पडला. तो शिकलाही भराभर. कोणता वाल्व्ह कोणत्या ओळीचा, दाबाचा काटा कुठं असला म्हणजे ठीक, सगळं त्यानं पोरासारखं घोकून पाठ केलं. आणि खरं सांगायचं, तर त्याला यात एक सुडाचा आनंद होता. आता गळती नावालाही नव्हती. झाडाच्या बुडाशी ओल, आणि दोन ओळींच्या मध्ये जमीन अशी कोरडी ठक्क की चालताना धूळ उडावी. पाटाच्या तोंडाशी त्यानं स्वतःच्या हातानं चिकणमातीचा बांध घातला, पायानं तुडवला, फावड्याच्या पाठीनं चोपला. मॅनेजरनं त्याची पाठ थोपटली. घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "आज म्हातारा असता तर बघत राहिला असता."

"आणखी काहीतरी खोड काढली असती," बायको म्हणाली. "ऑपरेटरसाहेब, हातपाय धुऊन घ्या."

बागेनं पहिला बहर धरला त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. फळं लिंबाएवढी झाली होती. या दिवसांत पाण्यात जराही मागंपुढं झालं, तर फळ तडकतं आणि वर्षाची मेहनत मातीत जाते, असं ताईनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. शेततळ्यातलं पाणी खाली खाली चाललं होतं. काळ्या कागदाचा उघडा पडलेला पट्टा रोज रुंद होताना दिसायचा आणि ताई काठावर उभी राहून त्याच्याकडे बघत ओठ चावायची. मॅनेजरचं गोड बोलणंही आटत चाललं होतं.

अशा दिवसांत एका दुपारी पाटकऱ्याची मोठी बहीण त्याच्या घरी आली. अक्का कुंपणापलीकडच्या खालच्या वस्तीत राहायची. लग्न होऊन तिथं गेली आणि तिथलीच झाली. वस्ती म्हणजे मजुरांची चाळीसेक घरं, मध्ये एक जुनी विहीर, आणि त्या विहिरीवर सगळ्यांचं पिणं, रांधणं, शेळ्या-कोंबड्या. अक्का आली ती उंबऱ्याशीच बसली. बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं तो हातात घेतला, त्यातलं पाणी बघितलं आणि तसाच खाली ठेवला.

"अक्का, पी की. उन्हातून आलीस."

"विहिरीला गाळ लागलाय," अक्का म्हणाली. "सकाळी घागर बुडत नाही. वाटीनं भरतो आम्ही. पोरांना खाली उतरवून."

"पाऊस कमी—"

"पाऊस बरा झाला यंदा. तो झाला नव्हता त्या सालीसुद्धा विहीर अशी बसली नव्हती. तू मला एक सांग, तुमचा तो पाट कधीपासून बंद आहे?"

पाटकऱ्यानं अभिमानानं सांगितलं. बांध कसा घातला तेही सांगितलं. बोलता बोलता त्याला बहिणीचा चेहरा दिसला आणि त्याचा आवाज आपोआप खाली आला.

"बाभळीच्या खाली आमच्या बाजूला गवताचा पट्टा असायचा," अक्का म्हणाली. "भर उन्हाळ्यात हिरवा. शेळ्या तिथं सोडायचो आम्ही. तू पाट बंद केलास आणि आधी तो पट्टा वाळला. मग त्याच्या खालची विहीर. मी इतके दिवस बसून हाच हिशोब लावतेय. अरे, तुझी गळती आम्ही पीत होतो."

बायकोनं पदराचं टोक तोंडाशी नेलं. पाटकऱ्याला आधी रागच आला. ज्या गळतीपायी जन्मभर शिव्या खाल्ल्या, जी बुजवली तेव्हा कुठं ताठ मानेनं चालता आलं, तिच्यावर चाळीस घरं जगत होती म्हणे. मग राग ओसरला, कारण अक्का कधी उगाच बोलत नसे, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

अक्काचं सांगून झालं नव्हतं. वस्तीतल्या तरण्या पोरांनी याचं खापर बोअरवर फोडलं होतं. त्यांचं ठरलं होतं, बागेत शिरायचं आणि नळ्या कापायच्या. "मी आडवी आले," ती म्हणाली. "म्हटलं, माझा भाऊ तिथं आहे, मी त्याच्याशी बोलते. बाजाराच्या दिवसापर्यंत ते थांबतील. त्यानंतर मी त्यांना अडवणार नाही. खरं सांगू? माझंच मन होणार नाही अडवायला."

नळ्या कापल्या तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. बाग जाईल. पोलीस येतील. वस्तीतली पोरं आत जातील, त्यांत अक्काचा नातू पहिला. आणि विहिरीत त्यामुळं थेंबभरही पाणी येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पाटकरी ऑफिसात गेला. ऑफिस म्हणजे पूर्वीची बियाण्यांची खोली. आता तिथं टेबल, पंखा, भिंतीवर बागेचा नकाशा. ताई आणि मॅनेजर टँकरच्या गोष्टी बोलत होते. पाटकऱ्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पोरांच्या बेताचं तेवढं गिळलं. ते सांगितलं असतं तर विनंतीची धमकी झाली असती.

ताईनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "काका, आपण ते पाणी त्यांना कधी दिलं होतं का?"

"दिलं असं नाही, ताई. ते जात होतं."

"मग मी ते बंद केलं असं कसं म्हणता? माझ्या जमिनीत माझं पाणी वाया जात होतं, ते थांबवलं. जगात सगळीकडे हेच करतात. गळती थांबवली म्हणून कुणी कुणाच्या दारात येत नाही."

तिचं बोलणं खोटं कुठं होतं? पाटकरी स्वतःही इतके दिवस हेच मानत आला होता.

ताईनं शेततळ्याच्या दिशेला बघितलं. ती काही दगडाची नव्हती. "तिथं लहान पोरं असतील," ती स्वतःशीच म्हणाली. मग मॅनेजरला म्हणाली, "फाटकाशी एक नळ काढून द्या. सकाळी थोडा वेळ सोडत जाऊ. पण आपल्याला कमी पडलं की बंद. हे त्यांना आधीच सांगून ठेवा, काका."

पाटकरी जवळजवळ पळतच खालच्या वस्तीला गेला. त्याला वाटलं, सुटलो. अक्का विहिरीच्या कठड्याशी बसली होती. खाली कुणाची तरी पोर वाटीनं गढूळ पाणी घागरीत ओतत होती, त्याचा पोकळ आवाज वर येत होता. त्यानं नळाची बातमी सांगितली. अक्कानं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नको."

"अगं, नको काय? डोकं फिरलंय का तुझं?"

"नळाला चावी असते. चावी कुणाच्या तरी हातात असते. आज ताईच्या, उद्या त्या टोपीवाल्याच्या. आज पोरं मजुरीला कमी आली, कर नळ बंद. कुणी उलट बोललं, कर नळ बंद. फाटकाशी घागरी घेऊन, मान खाली घालून उभं राहायचं. विहिरीवर आम्ही कुणाचे मिंधे नव्हतो रे. गळतीला चावी नसते."

"पोरं तहानलेली आणि तू मिंधेपणाचं काढतेस?"

"पोरांसाठीच काढतेय. मी किती दिवसांची?"

तो परत गेला. ऑफिसात पुन्हा उभा राहिला. या वेळी ताई चिडली, आणि चिडायला कारणही होतं. "मी देते म्हणते ते नको, आणि चोरून गळलेलं चालतं? हे कुठलं शास्त्र, काका?"

"त्यांना भीती वाटते, ताई."

"मला नाही वाटत? रोज तळं बघते मी. ही बाग उभी करायला मी काय काय विकलंय, तुम्हाला माहीत नाही." तिनं समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवून दिला. पाटकऱ्याला उंबऱ्यावर बसलेली अक्का आठवली. "नळ हवा तर नळ. नाहीतर माझ्याकडे दुसरं काही नाही."

इथं पाटकऱ्यानं हात झटकले असते तर त्याला कुणी दोष दिला नसता. दोन्हीकडं सांगून झालं होतं. पण त्याला काही केल्या जेवण जाईना. बायको म्हणाली, "अहो, पोटात काय शिजतंय ते सांगा, निदान चूल तरी विझवते." तो हसला नाही.

पंपाच्या खोलीमागं वाळूनं भरलेल्या दोन मोठ्या टाक्या होत्या. तळ्याचं पाणी या वाळूतून गाळून नळ्यांत जाई, नाहीतर नळ्यांची बारीक भोकं गाळानं बुजायची. वाळू मळली की पाणी उलटं सोडून ती धुवायची. याला सगळे बॅकवॉश म्हणत. धुऊन निघालेलं गढूळ पाणी टाकीमागच्या खड्ड्यात जाई आणि तिथंच उन्हात वाळून जाई. दुसऱ्या सकाळी पाटकऱ्यानं फावडं काढलं. खड्ड्याच्या कडेला एक चर मारला, तो जुन्या पाटापर्यंत नेला आणि आपण चोपून घातलेला चिकणमातीचा बांध आपणच फोडला. पहिला घाव नुसताच वरून घसरला. जन्मभर भोकं बुजवलेल्या माणसाला भोक पाडणं जमत नाही. सवयच नसते हाताला.

घाण पाणी वाहून गेलं तर कुणाची हरकत नव्हती. पण तेवढ्यानं पाटाची तहान भागत नव्हती. वर्षभर तापलेला तो पाट आलेलं पाणी पहिल्या टप्प्यातच गट्ट करून टाकायचा. मग पाटकऱ्यानं वाळू स्वच्छ झाल्यावरही वाल्व्ह तसाच उघडा ठेवला. गढूळ पाणी गेलं, नितळ पाणी वाहू लागलं. आता मात्र ती चोरी होती, आणि ते त्याला पुरतं ठाऊक होतं. तळ्याचं पाणी, ताईचं पाणी, लिंबाएवढ्या फळांचं पाणी. तो चावीवर हात ठेवून उभा राही आणि वाटेवर पाऊल वाजलं की मान वळवून बघे.

"आज बॅकवॉश फारच चाललाय, काका?" मॅनेजरनं एकदा दारातून विचारलं.

"वाळू फार मळलीय. तळ्याचा तळ आला ना."

मॅनेजरनं वाहत्या पाण्याकडं नीट बघितलं असतं तर कारभार तिथंच आटोपला असता. पण त्याचा फोन वाजला आणि तो वळला. पाटकऱ्यानं भिंतीला पाठ लावली. या मळ्यात तो आजवर कधी खोटं बोलला नव्हता. पाट गळतो म्हटल्यावर "गळतो" म्हणणारा माणूस तो.

रोज ओल थोडी पुढं सरकत होती. पण बागेची शेवटची ओळ, बाभळीच्या बाजूची, मलूल दिसू लागली. तिथवर दाब पोचत नव्हता. पाटकरी त्या ओळीतून जाताना झाडांकडं बघायचं टाळी. एका झाडाचं फळ तडकलेलं दिसलं, ते त्यानं तोडून खिशात घातलं. घरी येईपर्यंत ते त्याच्या मांडीला टोचत राहिलं.

बाजाराचा दिवस उजाडला. पाटकऱ्यानं सकाळचा वाल्व्ह सोडला आणि पाटाच्या कडेनं खाली चालत गेला. वळणाशी माती ओली होती. काल नव्हती. त्यानं अंगठा रुतवून बघितला आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. वर मान केली, तर कुंपणापलीकडे वस्तीतली माणसं जमत होती. बाजाराला निघालेल्यांच्या हातांत पिशव्या असतात. यांच्या हातांत कोयते होते. पुढं अक्काचा नातू. सगळ्यात मागं, दगडावर, अक्का. ती कुणाला अडवत नव्हती.

तेवढ्यात मागून आवाज आला. ताई आणि मॅनेजर शेवटची ओळ बघत बघत खाली येत होते.

"इथं दाब का नाही?" ताई विचारत होती. "नळी फुटली आहे का कुठं?" मॅनेजर नळी हातानं चाचपत पुढं सरकत होता, आणि चाचपता चाचपता तो वळणाशी पोचला. वाकला. चिमूटभर माती उचलून चोळली. त्याचे डोळे पाटातल्या नितळ पाण्याबरोबर वर गेले, थेट टाक्यांपर्यंत.

"ताई, पाणी इथं येतंय. हे बॅकवॉशचं नाही, हे स्वच्छ पाणी आहे. कुणीतरी मुद्दाम सोडलंय."

कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. पाटकरी चिखलात पाय रोवून उभा होता. आता नोकरी गेली, तो मनाशी म्हणाला. नोकरी गेली तर गेली. पण आता ही रागानं पाट बुजवायला सांगेल, पलीकडून ती पोरं आत शिरतील, आणि मग कुणाच्याच हातात काही राहणार नाही. ताई त्याच्याकडे बघत होती. मग तिनं कुंपणापलीकडे बघितलं. कोयते बघितले. कोयत्यांच्या मागं दगडावर बसलेली म्हातारी बघितली. तिच्या शेजारी दोन पोरं रिकामी घागर घेऊन उभी होती, तीही बघितली. वाऱ्यानं बाभळीच्या शेंगा खुळखुळत होत्या.

ताई दोन पावलं पुढं आली. तिच्या हातात उन्हासाठी आणलेली मिटलेली छत्री होती. तिनं छत्रीचं टोक ओल्या मातीत खुपसलं. ते बोटभर सहज आत गेलं.

"काका, पाट गळतोय," ती म्हणाली. आवाज चढा होता, कुंपणापलीकडे नीट ऐकू जाईल एवढा.

"हो, ताई."

"इतकी वर्षं झाली. तुमच्याच्यानं एक पाट धड राखवत नाही?"

पाटकऱ्यानं मान वर केली. तिचे गाल फुगले नव्हते. चेहरा कडक होता, आणि डोळे त्याच्यावर रोखलेले.

"राखतो, ताई," तो कसाबसा म्हणाला.

"काय राखता?"

मॅनेजरला यातलं ओ की ठो कळलं नाही. "ताई, यात राखण्यासारखं काय आहे? गोदामात सिमेंटची दोन पोती पडली आहेत. आजच हे वळण बांधून काढतो. आणि ते वरचं तोंड—"

ताईनं छत्री मातीतून उपसली. टोकाला लागलेला चिखल बाभळीच्या बुंध्याला पुसला. मग आभाळाकडे बघितलं, जिथं काही नव्हतं.

"बघू," ती म्हणाली.

आणि वळून बागेतून वर चालू लागली. मॅनेजर सिमेंटबद्दल बोलत तिच्या मागं गेला. कुंपणापलीकडच्या पोरांना काय झालं ते समजलं नाही. त्यांना फक्त पाटकऱ्याला झापलेलं ऐकू आलं आणि पाटातली ओल दिसली. अक्का मात्र दगडावरून उठली. पुढं येऊन तिनं नातवाच्या हातातला कोयता काढून घेतला आणि म्हणाली, "चला. घरी चला."

पाटकरी बाभळीखाली बसला. 'बघू' हा शब्द त्यानं किती वेळा ऐकला होता. प्रत्येक वेळी त्याला वाटलं होतं, कंजूषपणा. सिमेंट आलं आणि गोठ्यात गेलं, तेव्हाही वाटलं होतं, कंजूषपणा. आता तो मागं मागं जाऊन एकेक सकाळ आठवू लागला. म्हातारा रोज बाभळीपाशीच का थांबायचा? ओल आहे हे काठी खुपसून रोज का बघायचा? आणि शिव्या एवढ्या चढ्या आवाजात कुणाला ऐकवायचा? माहीत होतं का त्याला? की खरोखरच चिकट होता आणि हे सगळं आपणच आता त्याच्या पदरात घालतोय? विचारायची सोय नव्हती. "एकदा सांगायचं होतंत, मालक," तो मोठ्यानं म्हणाला. "एकदाच. मी कुणाला बोललो असतो का?" आणि मग तो रडला, तोंडावर चिखलाचा हात ठेवून, कारण बोलला असता. अक्काला तर नक्कीच बोलला असता. मग ती गळती राहिली नसती, ते देणं झालं असतं.

विहीर काही लगेच भरली नाही. आधी बाभळीखाली गवताचे कोंब आले. मग एक दिवस वस्तीतून निरोप आला की घागर तिरकी करून बुडते. बागेच्या शेवटच्या ओळीची फळं बारीक राहिली. ती कवडीमोलानं गेली, आणि ताईनं त्याचाही राग पाटकऱ्यावर काढला. तो राग मात्र खराच होता, कारण त्या वेळी आसपास ऐकायला कुणीच नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्या ओळीत तिनं झाडं लावली नाहीत. कारण कुणाला सांगितलं नाही.

ती आता रोज सकाळी फेरी मारते आणि बाभळीपाशी थांबते. मॅनेजर अधूनमधून सिमेंटचं काढतो. नवे पाहुणे बाग बघायला आले की ती त्यांच्यादेखत पाटकऱ्याला जरा जास्तच झापते, आणि पाहुण्यांना त्याची कीव येते.

"आज काय म्हणाल्या ताई?" बायको ताट वाढताना विचारते.

"शिव्या घातल्या," पाटकरी सांगतो, आणि पोटभर जेवतो.